मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

शिक्षण, नोकरी किंवा मुलाबाळांची भेट यांसाठी परदेशी जाणाऱ्यांत एके काळी मोठ्या शहरांतील मंडळींचाच भरणा असे. आता तालुक्याच्या गावातील, किंबहुना लहान खेड्यातील विद्यार्थीही इंग्लंडमधील विद्यापीठात प्रवेश घेतो आणि त्याचे आईवडील प्रथमच विमानाचे तिकीट हाती धरतात. ते तिकीट वाचून घेण्यासाठी घरची माणसे बहुधा गावातील शिक्षकाकडे, ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडे अथवा एखाद्या जाणत्या सदस्याकडे जातात. त्यांचा प्रश्न साधा असतो : लंडन किती लांब आहे आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल?

प्रश्न साधा असला तरी त्याची उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर एक अंतर निघते, पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर दुसरे. दुपारी दोन वाजता निघालेले विमान त्याच सायंकाळी साडेसहाला लंडनला उतरते असे तिकीट सांगते, म्हणजे प्रवास अवघा साडेचार तासांचा वाटतो. जाऊन आलेला शेजारी मात्र दहा तास लागतात असे सांगतो. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, प्रत्येक जण निराळी गोष्ट मोजत असतो. हा फरक ध्यानात न आल्यास विमान चुकण्याचा धोका असतो. अनेक कुटुंबांची वर्षभराची बचत ज्या तिकिटात गुंतलेली असते ते वाया जाते आणि विद्यापीठात हजर होण्याची मुदतही हातची निघून जाते. म्हणून अंतर आणि वेळ यांचा हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अंतर तेच, काळ निराळा

मुंबई आणि लंडन ही शहरे होती तेथेच आहेत, मात्र त्यांच्यामधील प्रवासाचा काळ दीड शतकात आमूलाग्र बदलला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी जहाजांना आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून ओलांडावे लागे. कालव्यानंतर हा वळसा टळला आणि आगबोटीचा प्रवास दोन ते तीन आठवड्यांवर आला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी हवाई सेवा सुरू केली. वाटेत अनेक थांबे होते आणि काही टप्पा आगगाडीने करावा लागे, तरीही हा प्रवास सात दिवसांत होऊ लागला. ही टपाल सेवा कराचीहून पुढे आणण्याचे काम जे. आर. डी. टाटा यांनी हाती घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः लहानसे पस मॉथ विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील मैदानावर टपाल घेऊन उतरले.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबई ते लंडन या पहिल्या उड्डाणास प्रारंभ केला. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत ते लंडनला पोहोचले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या या विमानास पंख्याची चार इंजिने होती आणि त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर होता. १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान दाखल झाले आणि हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पोहोचला.

यानंतरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. प्रवासी विमानांचा नेहमीचा वेग १९६० नंतर फारसा वाढलेला नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे कॉन्कॉर्ड विमान १९७६ पासून प्रवासी नेऊ लागले, पण खर्च न परवडल्याने २००३ मध्ये त्याची सेवा संपली. आज मुंबईहून निघालेले विमान पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते याचे मुख्य कारण ते मध्ये कोठेही न थांबता जाऊ शकते हे आहे. एका उड्डाणात अधिक दूर जाण्याची क्षमता वाढली आणि वाटेतले थांबे गेले. प्रवासाचा वेळ केवळ वेगावर अवलंबून नसतो हा पहिला धडा येथेच मिळतो.

नकाशावरील पट्टी आणि गोलावरील दोरा

पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे. संत्र्याची साल सपाट करू पाहिल्यास ती फाटते किंवा ताणली जाते, तसेच गोल पृथ्वी कागदावर उतरवताना होते. वर्गातील भिंतीवर पुष्कळदा लावलेला मर्केटर पद्धतीचा जागतिक नकाशा दिशा बरोबर दाखवतो, परंतु विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे त्यावरील प्रदेश फुगत जातात. त्यामुळे अशा नकाशावर दोन शहरांमध्ये आखलेली सरळ रेषा ही सर्वांत जवळची वाट नसते.

खरी जवळची वाट शोधण्याचे साधन शाळेच्या कपाटातच असते. पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरावे आणि दोरा घट्ट ताणावा. दोरा ज्या वाटेने जातो ती बृहद्‌वृत्ताची वाट होय. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात आणि गोलावरील दोन ठिकाणांमधील किमान अंतर त्याच वर्तुळावर मोजले जाते. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असल्यास त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने अशा गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. मुंबई ते लंडन दोरा साधारण १७ सेंटिमीटर भरतो. गुणाकार केला की ७,२०० किलोमीटरच्या आसपास उत्तर येते. मुंबई विमानतळ व लंडनचा हिथ्रो विमानतळ यांच्यामधील हवाई अंतर एवढेच आहे. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग करून पाहता येईल.

दोऱ्याची वाट पाहून विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. मर्केटर नकाशावरील पट्टी इराणच्या आखाताच्या मुखाजवळून, इराक, सीरिया आणि तुर्कस्तानवरून बाल्कन देशांकडे जाते. गोलावरील दोरा मात्र अरबी समुद्र, बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस पर्वत, युक्रेन आणि मध्य युरोप असा जातो. कॅस्पियन समुद्राजवळ तो पट्टीच्या रेषेपेक्षा सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला असतो. तरीही पट्टीच्या वाटेने गेल्यास सुमारे ७,४०० किलोमीटर जावे लागेल, म्हणजे दोऱ्याच्या वाटेहून २०० किलोमीटर अधिक. नकाशावर जी वाट वळसा घातल्यासारखी दिसते तीच प्रत्यक्षात जवळची असते.

आकाशालाही हद्दी आहेत

तथापि ही सर्वांत जवळची वाट विमानाला मिळतेच असे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौम अधिकार आहे, हे तत्त्व त्या कराराच्या पहिल्याच कलमात मान्य केलेले आहे. गावातील पाणंद बंद झाली की शेतकऱ्याला लांबच्या वाटेने शेतावर जावे लागते, तसेच एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली की विमानास वळसा घ्यावा लागतो.

अलीकडच्या वर्षांत हे वारंवार घडले. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हवाई हद्द भारताकडून पश्चिमेस जाणाऱ्या वाहतुकीस जवळजवळ बंद होती. दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना तेव्हा इंधन घेण्यासाठी युरोपात उतरावे लागले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा आपली हद्द बंद केली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध सुरू होताच तेथील आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्यातील संघर्षात इराण आणि इराकवरील वाहतूकही काही दिवस थांबली. यांतील बहुतेक नावे गोलावर ताणलेला दोरा ज्या प्रदेशांवरून जातो त्यांचीच आहेत हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

वळशाचा हिशेब सोपा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास ४५० किलोमीटरचा वळसा पडला तर अर्धा तास वाढतो. मोठे विमान तासाला साधारण पाच ते आठ टन इंधन जाळते, म्हणून हा अर्धा तास काही टन इंधनाचा असतो. शिवाय वाढीव इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. विमानाच्या एकूण वजनास मर्यादा असल्याने इंधन वाढले की कधी कधी माल कमी घ्यावा लागतो. प्रवासी विमानांच्या पोटातूनच फळे, भाजीपाला व फुले परदेशी जातात. कोकणातील हापूस लंडनच्या बाजारात पोहोचवणाऱ्या निर्यातदाराच्या दृष्टीने दूरच्या देशाने बंद केलेले आकाश ही केवळ वर्तमानपत्रातील बातमी राहत नाही.

वाऱ्याचा वाटा

मुंबईहून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, परतताना मात्र साडेआठ ते साडेनऊ तास पुरतात. एकाच अंतरास दोन वेळा का लागतात, असे विद्यार्थी हमखास विचारतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होत असावे, असा अनेकांचा समज असतो. त्यापुढे जाऊन कोणी चिकित्सक मुलगा असेही विचारील की, विमान आकाशात नुसते स्थिर राहिले तर खाली पृथ्वी फिरून लंडन आपोआप येणार नाही का?

याचे उत्तर असे की पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरत असते. मुंबई ज्या अक्षांशावर आहे तेथील जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे सरकत असते, पण तेथील हवा, पक्षी आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान हे सर्व त्याच वेगाने तिच्याबरोबर जात असतात. धावत्या आगगाडीत वर फेकलेला चेंडू मागच्या डब्यात न जाता फेकणाऱ्याच्याच हातात पडतो, तसेच हे आहे.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. जमिनीपासून सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अतिशय वेगवान वाऱ्यांचे अरुंद प्रवाह असतात. त्यांस झोतवारे किंवा जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी १५० ते २०० किलोमीटर असणे सामान्य आहे, हिवाळ्यात तो कधी कधी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. लंडनकडे जाणाऱ्या विमानास हा वारा समोरून अडवतो आणि परतणाऱ्या विमानास पाठीमागून ढकलतो.

हिशेबासाठी असे धरू की विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना विमान जमिनीच्या मानाने ताशी ८०० किलोमीटर जाईल आणि ७,२०० किलोमीटरला ९ तास लागतील. येताना ते ताशी १,००० किलोमीटर येईल आणि ७ तास १२ मिनिटे लागतील. दोन्हींची बेरीज १६ तास १२ मिनिटे होते. वारा मुळीच नसता तर जाण्यास आठ व येण्यास आठ असे १६ तासच लागले असते. म्हणजे जाताना वाऱ्याने घेतलेला वेळ तो येताना पुरतेपणी परत करीत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमानास अधिक काळ राहावे लागते. नदीच्या प्रवाहात वर जाऊन परत येणाऱ्या होडीचे जे गणित पाठ्यपुस्तकात असते तेच हे गणित होय.

प्रत्यक्षात लागणारा वेळ या उदाहरणापेक्षा अधिक असतो. वाट सरळ नसते, वाऱ्याचा वेग रोज बदलतो आणि चढताना व उतरताना वेगही कमी असतो. विमान कंपन्या हवामानाचा अंदाज पाहून त्या दिवसाचा मार्ग ठरवतात. जाताना झोतवाऱ्यास शक्य तितके टाळावे आणि येताना त्याचा लाभ घ्यावा, असा त्यांचा प्रयत्न असतो. यामुळेच कालचे आणि आजचे विमान एकाच वाटेने गेले असे खात्रीने सांगता येत नाही.

वेळापत्रकात धरलेला वेळ

वेळापत्रकातील प्रवासाचा वेळ हा केवळ आकाशातील वेळ नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर नेमून दिलेल्या जागी उभे राहीपर्यंतचा काळ त्यात मोजतात. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, पुढच्या विमानांमागे थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर जाणे हे सर्व त्यात येते.

मुंबई आणि हिथ्रो या दोन्ही ठिकाणी ही बाब महत्त्वाची ठरते. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. हिथ्रो येथेही दोनच धावपट्ट्या आहेत आणि वाहतूक प्रचंड आहे. तेथे उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानांना लंडनच्या आसपास ठरावीक ठिकाणी आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. हे सर्व गृहीत धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल ठेवतात. विमान कधी कधी वेळेच्या आधी पोहोचते ते या शिलकी मिनिटांमुळे.

दोन घड्याळांचा हिशेब

आता तिकिटावरील साडेचार तासांच्या कोड्याकडे वळू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. हा नियम सर्व देशांत पाळला जातो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून ठरते. साडेब्याऐंशीला १५ ने भागले की साडेपाच येतात. म्हणून भारताचे घड्याळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात होती. घड्याळ ही माणसांनी सोयीसाठी मान्य केलेली व्यवस्था आहे, हे या उदाहरणावरून मुलांना चांगले पटते.

समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले आणि प्रवासास १० तास लागले. ते पोहोचेल तेव्हा भारतात मध्यरात्रीचे १२ वाजलेले असतील. त्यातून साडेपाच तास वजा केले की लंडनमध्ये सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकिटावरील साडेचार तास ते हेच. परतीचे विमान लंडनहून रात्री ९ वाजता निघाले आणि ९ तास लागले तर तेथे सकाळचे ६ वाजलेले असताना ते मुंबईत उतरेल. भारतात तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील. तिकिटावर हा प्रवास साडेचौदा तासांचा दिसेल. साडेचार आणि साडेचौदा यांची बेरीज १९ तास होते, आणि प्रत्यक्ष प्रवासाचे १० व ९ मिळूनही १९ तासच होतात. जाताना घड्याळाने जे दिले ते येताना परत घेतले. तिकीट बरोबर वाचले की नाही हे पडताळण्याची ही सोपी रीत आहे.

यात आणखी एक मेख आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात भारत व लंडन यांमधील फरक साडेपाच तासांचा न राहता साडेचार तासांचा होतो. भारतात असा बदल करीत नाहीत. सप्टेंबरमध्ये शिकावयास गेलेल्या मुलाचा रोज रात्री साडेदहाला येणारा दूरध्वनी नोव्हेंबरमध्ये साडेअकराला येऊ लागला, तर त्याचे कारण एवढेच असते की त्याच्या घड्याळात अजूनही सायंकाळचे सहाच वाजलेले असतात.

मध्यरात्रीनंतरची तारीख

मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सर्वांत महागात पडणारी गफलत येथेच होते. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यातही तीच रीत मुरलेली आहे. रात्रीचे दीड वाजले तरी आपण ‘आज रात्री’ असेच म्हणतो. विमान कंपनीच्या घड्याळात मात्र मध्यरात्रीचे बारा वाजताच तारीख बदलते.

तिकिटावर ‘१५ सप्टेंबर, ०१:३०’ असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ १४ तारखेची रात्र उलटल्यानंतरचे दीड वाजता असा होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी सुमारे तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे लागते, म्हणजे प्रवाशाने १४ तारखेला रात्री साडेदहापर्यंत तेथे असले पाहिजे. घरून निघण्याची वेळ त्याहूनही आधीची. १५ तारखेला रात्री सामान घेऊन विमानतळावर गेलेल्या प्रवाशाचे विमान वीस तासांपूर्वीच निघून गेलेले असते. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर किंवा त्याहूनही आधी नोंदणी बंद करतात, त्यामुळे थोडा उशीरही चालत नाही. तिकीट दाखवावयास आलेल्या माणसाला प्रथम हीच गोष्ट कागदावर लिहून द्यावी : अमुक वारी, अमुक तारखेस, अमुक वाजता घर सोडावयाचे.

थांबा असलेला प्रवास

थेट विमानापेक्षा आखाती देशांत थांबणाऱ्या विमानांचे भाडे पुष्कळदा कमी असते. मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर व दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण ७,४३० किलोमीटर होते. थेट अंतरापेक्षा ते जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरने अधिक आहे, पण दोनदा चढणे, दोनदा उतरणे आणि मधली प्रतीक्षा यांमुळे प्रवास सहज तेरा ते पंधरा तासांचा होतो. अंतर थोडे वाढले आणि वेळ बराच वाढला.

अशा प्रवासात तिसरे घड्याळही येते, कारण दुबईची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणे हिताचे असते. पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे सुटले तर एकाच तिकिटाच्या प्रवाशाला पुढे पाठवण्याची व्यवस्था सामान्यतः कंपनी करते. दोन निरनिराळी तिकिटे काढली असल्यास ही जबाबदारी प्रवाशावरच येऊन पडते. काही हजार रुपये वाचवताना हा धोका पत्करावयाचा की नाही, हे घरच्यांनी समजून-उमजून ठरवावे.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

शेवटी खरा प्रवास विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याने गावाहून नागपूर गाठावयाचे, तेथून मुंबईपर्यंतचा ८३७ किलोमीटरचा लोहमार्ग काटावयाचा, मग विमानतळावर तीन तास थांबावयाचे. मुंबई ते लंडन हे ७,२०० किलोमीटर तो दहा तासांत ओलांडतो, पण गावापासून मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंतचे हजारेक किलोमीटर ओलांडण्यास त्याला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. पावसाळ्यात रस्ता तुंबला, गाडी उशिरा धावली तर हा वेळ आणखी वाढतो. लंडनमध्ये उतरल्यावरही प्रवेशाची तपासणी, सामान आणि पुढचा आगगाडीचा प्रवास शिल्लक असतोच.

म्हणून प्रवासाचा आराखडा नेहमी उलट्या क्रमाने करावा. प्रथम विद्यापीठात वा कामावर हजर होण्याची तारीख घ्यावी. तेथून मागे येत लंडनला उतरण्याची वेळ, मुंबईहून सुटण्याची वेळ, विमानतळावर पोहोचण्याची वेळ आणि शेवटी घर सोडण्याची वेळ काढावी. प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या गावच्या घड्याळाची आहे हे लिहावे. गाव ते मुंबई या टप्प्यात किमान अर्ध्या दिवसाची सवड ठेवावी, दूरच्या जिल्ह्यांतील प्रवाशांनी तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. प्रवासाच्या आदल्या दिवशी विमानाची वेळ बदललेली नाही ना, याची कंपनीकडे खात्री करून घ्यावी, कारण एखाद्या देशाचे आकाश एका रात्रीत बंद होऊ शकते हे अलीकडच्या घटनांनी दाखवून दिले आहे.

भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोलावर एकदा दोरा ताणून दाखवला आणि गणिताच्या तासाला दोन घड्याळांचा हिशेब एकदा सोडवून घेतला, तर आजचा विद्यार्थी उद्या आपल्याच घरातील तिकीट बिनचूक वाचू शकेल. ग्रामपंचायतीच्या फलकावरही ‘मध्यरात्रीनंतरचे विमान म्हणजे आदल्या रात्रीचा प्रवास’ एवढी एक ओळ लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही. परगावी निघालेल्या मुलाला वेळेवर आणि निश्चिंतपणे मार्गस्थ करण्यास या ओळीची निश्चितच मदत होईल.